सईचा श्वास आणि बाबांचं लाइन क्लिअर

दोष बाबांचा. आधीच सांगून टाकतो, म्हणजे पुढे कुणी मला "अरे, त्यांची बाजू पण बघ की" असं शिकवायला नको. त्यांची बाजू मी जन्मापासून बघतोय. दुसरी बाजू आमच्या घरात दाखवतच नाहीत.

घरात जनावरं असली की किस्से त्यांच्या केसांसारखे साचतात. रोज झाडा, रोज पुसा, तरी सोफा सरकवला की खालून एक गोळा निघतोच. टपरीवर मित्रांना एक सांगायला जातो आणि चार निघतात. म्हणून एकदाचे लिहून टाकतोय. माझी शाळा हिंदीतली, मराठी आईच्या तोंडून ऐकलेली आणि इंजिनीअरिंग अर्धवट सोडलेलं. मतलब, चुका काढायच्याच असतील तर आधी बाबांच्या काढा. त्या मोठ्या आहेत.

* * *

बाबा रेल्वेत स्टेशन मास्तर. मूळ अकोल्याचे, पण सगळी नोकरी राजस्थानात. जिथे बदली, तिथून एक जनावर घरी आणायचं आणि त्याला त्या स्टेशनचंच नाव द्यायचं, ही त्यांची पद्धत. फुलेऱ्याच्या प्लॅटफॉर्मवर सापडला तो आमचा कुत्रा फुलेरा. बांदीकुईला पार्सल ऑफिसच्या छपरावरून पडलेली मांजर बांदीकुई. लाडानं कुई.

नियमाला माणूस इतका पक्का, की आजी अकोल्याला परत निघाली तेव्हा तिला गाडीत बसवायला येणाऱ्या आम्हा सगळ्यांची त्यांनी प्लॅटफॉर्म तिकिटं काढली. स्वतःच्याच स्टेशनवर!

आई म्हणाली, "अहो, इथचे मास्तर तुम्हीच आहा ना?"

"म्हनूनच," बाबा म्हणाले.

जयपूरची पोस्टिंग त्यांना फार उशिरा मिळाली. जवाहर नगरात भाड्यानं तळमजला घेतला. वर घरमालक माथुर अंकल. त्यांना जिन्यात पडलेला फुलेराचा एक केस दिसला तरी ते तो चिमटीत धरून खाली घेऊन यायचे आणि बेल वाजवून म्हणायचे, "आपका है."

* * *

मग ताई आली, सईला घेऊन. दाजी फौजेत आहेत. त्यांना अशा जागी पाठवलं जिथे बायकामुलं नेता येत नाहीत. ताईला जयपुरातच, झालाना भागातल्या एका ऑफिसात नोकरी मिळाली आणि पाच वर्षांची सई आमच्याकडे राहायला लागली. आल्या आल्या ती फुलेराच्या गळ्यात पडली. फुलेरानं तिचं तोंड चाटलं. कुई तिच्या उशीवर झोपली. आठवड्यात पोरीचे डोळे सुजले, नाक गळायला लागलं आणि छातीतून शिट्टीसारखा आवाज यायला लागला.

"जयपूरची धूळ," बाबा म्हणाले.

"दृष्ट," आई म्हणाली, आणि मीठ-मिरच्या ओवाळून गॅसवर टाकल्या.

आमच्याकडे असं मानतात की दृष्ट लागलेली असली तर मिरचीचा ठसका लागत नाही. इथे ताई खोकली, मी खोकलो, वरून माथुर अंकल खोकले. सई तर खोकून खोकून लाल झाली. फुलेरा दार ढकलून रस्त्यावर पळाला.

आई विचारात पडली. "ठसका लागला म्हंजे दृष्ट नाही. मंग काय असन, बाप्पा?"

एवढं विचारायला घरभर मिरच्या जाळाव्या लागल्या! जवळच्या दवाखान्यातली डॉक्टरीणबाई हेच साध्या तोंडानं विचारायची.

* * *

तिच्याकडे ताई आणि मी सईला घेऊन गेलो. बाबा "पाहू तं दे काय म्हनते" म्हणून मागे आले. डॉक्टरीण माझ्यापेक्षा फार तर सात-आठ वर्षांनी मोठी. तिनं सईच्या हातावर अ‍ॅलर्जीच्या टेस्टचे थेंब ठेवले, टोचलं, आणि बसायला सांगितलं. थोड्या वेळानं कुत्र्याचा ठिपका फुगला. मांजराचा त्याहून मोठा.

बाबांनी चष्मा चढवला आणि तिसऱ्या फुगलेल्या ठिपक्यावर बोट ठेवलं. "और ये किस जानवर का है?"

"अंकल, ये किसी का नहीं. ये सबको फूलता है. इससे पता चलता है कि टेस्ट ठीक चल रहा है."

बाबांचा चेहरा उजळला. आमच्याकडे वळून म्हणाले, "ऐकलं? सगळ्यायलेच फुगते! कायची अ‍ॅलर्जी न काय. आपल्या घरात आजवर कोनाले नव्हती."

डॉक्टरीण माझ्याकडे बघत राहिली. तिला मराठी येत नव्हतं, पण कळलं सगळं. मला म्हणाली, "भैया, आप समझ गए ना?"

माझ्या आयुष्यात कुठल्याही शिकलेल्या माणसानं हा प्रश्न मला अशा आवाजात विचारला नव्हता, की उत्तर 'हो' असेल अशी त्याला खात्री आहे. "समझ गया," मी म्हणालो. तेव्हापासून सईचं वाफेचं मशीन, पंप, औषधं, सगळं माझ्याकडे. नाहीतरी मी घरात रिकामाच होतो. सगळे तसंच म्हणायचे.

* * *

ताईनं रात्री जेवताना सांगून टाकलं, "जनावरं जातील, नाहीतर मी सईला घेऊन दुसरीकडे खोली बघते." बाबांनी भाकरी खाली ठेवली. दुसऱ्या दिवशी त्यांनी उपाय जाहीर केला.

रेल्वेत एक नियम आहे. दोन स्टेशनांच्या मधल्या सेक्शनमध्ये एका वेळी एकच गाडी. ती बाहेर पडली, की लाइन क्लिअर, मग दुसरी. बाबांनी तोच नियम घराला लावला! फुलेरा पुढच्या खोलीत, तर सई मागच्या. सई पुढे, तर फुलेरा आणि कुई अंगणात. प्रत्येक खोलीच्या कडीला सईची एक गुलाबी बांगडी. बांगडी कडीला असली तर खोली मोकळी. आत शिरणाऱ्यानं ती हातात घेऊन शिरायचं.

सईला हा खेळ प्रचंड आवडला. दारात उभी राहून हिरवा रुमाल हलवायची. आई मात्र एकदा कढीचं पातेलं घेऊन ओट्यापाशी अडकून पडली, कारण पुढच्या खोलीची बांगडी बाबांच्या खिशात आणि बाबा संडासात.

"अहो, कढी थंडी होऊन रायली!"

आतून आवाज आला, "लाइन क्लिअर नाही!"

पंधरवडा हे चाललं. एकही अपघात नाही. बाबा खूश. आणि सईची शिट्टी वाढत गेली.

पुन्हा डॉक्टरीण. बाबांनी तिला सगळी व्यवस्था समजावून सांगितली, टेबलावर तिचं पेन आणि स्टेथोस्कोप मांडून. तिनं मध्ये एकदाही तोडलं नाही. मग म्हणाली, "सर, आपकी गाड़ी निकल जाती है तो पटरी खाली हो जाती है. कुत्ता निकल जाता है, तब भी वो सोफ़े पर बैठा रहता है."

बाबांनी स्टेथोस्कोप उचलून टेबलाच्या कडेला ठेवला. "कितने दिन?"

"बिल्ली वाला तो महीनों."

घरी येताच बाबांनी कड्यांवरच्या बांगड्या काढून सईला परत दिल्या. इतक्या वर्षांच्या नोकरीत त्यांचं लाइन क्लिअर चुकीचं निघालं, ते आमच्या बैठकीच्या खोलीत.

* * *

मग नातेवाईक सरसावले. अकोल्याची आत्या फोनवर म्हणाली, "अरे, आमी गोठ्यात वाढलो. कुत्र्याजवळच निजू द्या तिले, सवय होऊन जाईन."

मी म्हणालो, "आत्या, तुम्हाला इतक्या वर्षांत मामंजींची सवय झाली का?"

तिनं फोन ठेवला. आईनं मला दिवसभर चहा दिला नाही.

दुसरी आयडिया काकांची: केसच काढून टाका! उन्हाळा सरता सरता बाबांनी फुलेराला भादरून आणलं. एवढा रुबाबदार कुत्रा, आतून गुलाबी आणि ठिपक्याठिपक्यांचा निघाला. लाजून दोन दिवस पलंगाखालून बाहेर येईना. माथुर अंकल जिन्यातून वाकून बघत म्हणाले, "पाटील साहब, बकरा कब लाए?"

आणि उपयोग शून्य. खरा त्रास केसांचा नसतोच, कातडीच्या कोंड्याचा असतो. हे मी मोबाइलवर वाचलं होतं, आधी सांगितलंही होतं. पण कॉलेज सोडलेल्या पोराचं वाचलेलं आमच्या घरात वाचलेलं धरत नाहीत.

* * *

आता तो दिवस. संक्रांत.

संक्रांतीला जयपुरात घरात कुणी नसतं, सगळं शहर गच्चीवर पतंग उडवतं. ताई आणि आई वर तिळगूळ वाटत होत्या. मी सईचं औषध आणायला केमिस्टकडे गेलो होतो. सई बाबांजवळ खाली, कारण गच्चीवर मांजाची भीती. फुलेरा अंगणात बांधलेला; दोन्ही जनावरं कायम अंगणात, या अटीवर ताई थांबली होती. त्याला बघून सई रडायला लागली. खूप दिवसांत तिनं त्याला हात लावला नव्हता. बाबांना तिचं रडणं बघवेना. त्यांनी फुलेराला सोडला आणि दोघांना आपल्या पलंगावर घेतलं. "पाचच मिनिटं," म्हणाले. आणि तिघंही झोपले.

मी परत आलो तेव्हा सई उठून बसली होती. ओठ निळसर. बरगड्या आत ओढल्या जात होत्या. रडायलाही श्वास पुरत नव्हता. पंप दिला, मशीन लावलं, फरक पडेना. मी अंगणात येऊन वर बघून नुसता ओरडलो. काय ओरडलो ते आठवत नाही.

सगळ्या मोहल्ल्यात लाउडस्पीकर आणि "वो काटा!" चाललेलं. तरी माथुर अंकलनी ऐकलं. चरखी बायकोच्या हातात देऊन ते बनियनवर खाली आले, गाडी काढली. पायात चप्पल नाही. बोटात अडकलेला मांजा स्टीअरिंगवरून माझ्या मांडीपर्यंत लोंबत होता. रस्ते रिकामे होते. सिग्नलला त्यांनी जुमानलं नाही. सई माझ्या मांडीवर. तिच्या फ्रॉकवर फुलेराचे केस होते, माथुर अंकलना ते दिसले असणार. या वेळी चिमटीत धरून ते काही म्हणाले नाहीत.

त्या माणसाबद्दल मी मित्रांमध्ये जे जे बोललोय, ते सगळं परत घेतो. त्यांचं नाव काढलं की आमच्या घरात आता हात जोडतात.

हॉस्पिटलात ऑक्सिजन लावला, इंजेक्शन दिलं. संध्याकाळी तिचा श्वास सरळ झाला. तोपर्यंत बाबा कॉरिडॉरमध्ये भिंतीला टेकून उभे होते. मी त्यांना सोडलं नाही.

"तुम्ही मारून टाकली असती तिला! एक पोरगी सांभाळता येत नाही आणि गाड्या कसल्या सांभाळता?"

बाप आहे, सगळ्यांसमोर कसं बोलावं, असं मला एकानंही सांगितलं नाही. आईनंसुद्धा नाही. आतून सईचा मास्कमधला आवाज आला, "मामा, आजोबांना मत डाटो. मीच फुलेराला बोलावलं."

बाबा तिथेच खाली बसले. युनिफॉर्मचा माणूस, हॉस्पिटलच्या फरशीवर.

* * *

त्यानंतर आम्ही जनावरांसाठी घर शोधलं. "किती गोड आहेत हो!" असं सगळेच म्हणाले. प्रताप नगरच्या एका मराठी काकू तर फुलेराला बघून रडल्या. ठेवून घेणार का, विचारलं तर म्हणाल्या, "आमच्याकडे नवीन सोफा आहे ना."

शेवटी मी ठरवलं. बाबांना म्हणालो, "मी जातो दोघांना घेऊन. कुठेतरी खोली घेईन, काम शोधीन. मी रिकामाच आहे."

बाबा बूट पुसत होते. वर न बघता म्हणाले, "तू गेला तं तिले मशीन कोन लावन? तू पाह्यजे इथं."

कॉलेज सोडल्यापासून मला या घरात कुणी 'पाह्यजे' म्हटलं नव्हतं. ते म्हणायला तोच माणूस सापडावा, याचा मला राग आला. दोन दिवस मी त्याच रागात होतो, आणि त्या दोन दिवसांत मी सगळ्या घराच्या भिंती पुसून काढल्या, पडदे उकळत्या पाण्यात टाकले, गादीला नवीन खोळ शिवून आणली. गुणगुणत!

तिसऱ्या दिवशी कळलं की बाबांनी स्वतःहून बदली मागितली आहे. फुलेऱ्याच्या पलीकडचं एक छोटं स्टेशन. नाव सांगत नाही. का, ते पुढे कळेल. त्यांच्या साहेबांनी दोनदा बोलावून विचारलं, "लोग जयपुर के लिए मरते हैं, और आप वहाँ जाएँगे?" बाबा म्हणाले, "जी, क्वार्टर खाली है. आँगन है."

आई त्यांच्यासोबत जाऊ शकत नव्हती. ताई ऑफिसला गेल्यावर सईचं जेवणखाण, शाळा कोण बघणार? आईनं भांड्यांचं एक गाठोडं बांधलं आणि म्हणाली, "भात तरी करता येते का?"

"शिकन."

"या वयात?"

"कुईले विचारीन."

आई हसली आणि आत निघून गेली. बराच वेळ बाहेर आली नाही.

सईला आता सहसा मशीन लागत नाही. रात्री ती झोपली की मी कान देऊन ऐकतो. काहीच आवाज येत नाही. असं काहीच ऐकू न येण्यासारखं सुख नाही! त्यासाठी मी डॉक्टरीणबाईंचा, माथुर अंकलचा, ताईचा, आईचा, आणि हो, बाबांचाही आभारी आहे. बाबा अधूनमधून येतात. अंगणातल्या बाथरूममध्ये अंघोळ करतात, इथले धुतलेले कपडे घालतात, मग तिला जवळ घेतात. या बाबतीत एकदाही चुकलेले नाहीत.

* * *

आता शेवटचा किस्सा.

ताईला अजमेरला एका लग्नाला जायचं होतं. मी मुद्दाम पॅसेंजर गाडी निवडली, कारण तीच बाबांच्या स्टेशनवर थांबते. बाबांना फोन करून सांगितलं. ते म्हणाले, "ड्यूटीवर असन. डब्यापाशी येता येनार नाही. तिले उतरू देऊ नको." एवढंच. मी ताईला म्हणालो, "बघ, असा माणूस आहे."

गाडी थांबली. सई मास्क लावून खिडकीच्या गजांना चिकटली. आजोबा दिसेनात. तिचा चेहरा उतरायला लागला. तेवढ्यात स्टेशनचा भोंगा खरखरला.

"यात्रीगण कृपया ध्यान दें." बाबांचा आवाज. मग जरा थांबून, "सई बेटा, तिकडल्या खिडकीतून पाह्य. पल्याडच्या प्लॅटफॉर्मवर. फुलेरा आंघोळ करून आला आहे. कुई झोपून रायली, तिच्यावर रागावू नको. तुहा श्वास चांगला आहे, असं मामा सांगते. असाच ठेवजो."

अख्ख्या राजस्थानी स्टेशनवर, माइकवरून, वऱ्हाडीत! नियमाला पक्का माणूस, आणि हे; म्हणूनच स्टेशनचं नाव सांगत नाही.

आम्ही पलीकडच्या खिडकीकडे धावलो. दोन रूळ ओलांडून, समोरच्या प्लॅटफॉर्मवर, रूळ बदलणारा एक पॉइंट्समन फुलेराची साखळी धरून उभा होता. फुलेरा भिजलेला, केस पुन्हा वाढलेले, भोंग्याकडे मान वर करून बघत होता. बाकावर टोपलीत कुई. सई दोन्ही हात हलवत राहिली. फुलेराला ती दिसली की नाही, देव जाणे.

समोरच्या सीटवरचे एक म्हातारे पगडीवाले घाबरून उठले. "क्या बोला? कौन-सी भाषा में बोला? गाड़ी लेट है क्या?"

सईनं मास्क न काढता सांगितलं, "नहीं अंकल. टाइम पर है."

जयपूरची पोस्टिंग मिळवायला बाबांची जवळजवळ सगळी नोकरी गेली. मिळाल्यावर ती दोन वर्षंही टिकली नाही. आता रिटायर होईपर्यंत ते तिथे, आई इथे.